लॅपटॉप तापतो आणि चालता चालता बंद पडतो: कुठून बघायला सुरुवात करायची

"भाऊ, हा चालता चालता बंद पडून राह्यला."

मार्च संपला की माझ्या दुकानात हे वाक्य रोज एकदा तरी कानावर येतं. मी अकोल्यात लॅपटॉप दुरुस्त करतो. मे महिन्यात इथला पारा 44-45 ला टेकतो आणि थंडीत निमूटपणे चाललेले लॅपटॉप तेव्हाच माना टाकायला लागतात. गिऱ्हाईक म्हणतं, "कालपर्यंत चांगला होता." कालपर्यंत तो चांगला नव्हता. गरम हवा बाहेर जाते ती आतली जाळी दिवाळीतच धुळीनं तुंबलेली असते, फक्त तेव्हा ते कळत नाही.

का कळत नाही याचा हिशेब सोपा आहे. पंखा आतली उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतो, त्यामुळे प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा अमुक अंशांनी गरम राहतो. समजा डिसेंबरात खोली 24 अंशांवर आहे आणि जड काम चालू असताना प्रोसेसर 78 वर जातो. फरक 54 चा झाला. तोच लॅपटॉप, तेच काम, मे महिन्यात खोली 40 वर: प्रोसेसर 94. आता धुळीमुळे हा फरक 10 अंशांनी वाढला असेल तर डिसेंबरात 88 होतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्यात मात्र 104 होतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरांची 95 ते 105 च्या दरम्यान. ती गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर जळण्यापेक्षा बंद झालेलं बरं म्हणून सरळ वीज तोडतो. म्हणून "फार स्लो झालाय हो" म्हणत येणारा आणि "बंद पडतो" म्हणत येणारा, दोघांचं दुखणं पुष्कळदा एकच निघतं.

आधी लक्षणं नीट बघा

उष्णतेनं बंद पडणारा लॅपटॉप एका ठरावीक क्रमानं वागतो. आधी फॅनचा आवाज चढतो. मग माउसचा बाण अडखळायला लागतो, व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा आवाज तुटतो. आणि मग पडदा एकदम काळा. निळा पडदा नाही, सूचना नाही, प्लग उपटल्यासारखं. लगेच बटण दाबलं तर एक-दोन मिनिटं चालतो आणि पुन्हा जातो. पंधरा-वीस मिनिटं बाजूला ठेवला की शहाण्यासारखा सुरू होतो. हे सगळं जड कामातच होतं: व्हिडिओ रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ शेवटी तयार करणं), गेम, लांबलेली ऑनलाइन मीटिंग.

आता उलट बाजू. ही लक्षणं असतील तर उष्णतेच्या मागे लागू नका:

- चार्जर काढल्यावरच बंद पडतो आणि पुन्हा लावल्याशिवाय सुरू होत नाही: बॅटरीचं आयुष्य संपत आलं आहे.
- वायर हलली, लॅपटॉप जरा सरकवला की जातो: चार्जरची पिन किंवा आतला जॅक ढिला आहे.
- निळा पडदा येऊन त्यावर काही कोड दिसतो: बहुतेक रॅम किंवा ड्रायव्हर.
- सकाळी गार असताना बटण दाबल्यावर पाच-दहा सेकंदांतच जातो: एवढ्या वेळात सहसा काही तापत नाही. दोष आतल्या मदरबोर्डात शोधावा लागेल.

शंका राहिलीच तर विंडोजची नोंदवही बघा. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टिम' उघडा. 'कर्नल-पॉवर'ची 41 क्रमांकाची नोंद एवढंच सांगते की यंत्र नीट बंद न होता गेलं. कारण वीज असेल, बॅटरी असेल किंवा उष्णता. पण 'कर्नल-पॉवर'चीच 86 क्रमांकाची नोंद सापडली तर विषय मिटला, ती उष्णतेमुळे बंद केल्याचीच नोंद असते. 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर'ची 37 क्रमांकाची नोंद वारंवार दिसत असेल तर प्रोसेसरचा वेग दाबला जातोय, हे नक्की. त्याचं कारण उष्णता असू शकतं किंवा कमी ताकदीचा चार्जरही.

आणि सगळ्यात आधी, कामाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या. दर वेळी अचानक वीज तुटते तेव्हा उघडी फाइल खराब होऊ शकते. टॅलीचा डेटा गेल्यावर रडणारी माणसं मी पाहिली आहेत, लॅपटॉप गेल्यावर एवढं कुणी रडत नाही.

फुकटातली तपासणी: लॅपटॉप ठेवलाय कशावर?

हसू नका. इथंच कितीतरी लॅपटॉप बरे होतात.

बहुतेक लॅपटॉप पोटाखालच्या जाळीतून हवा आत घेतात आणि मागून किंवा बाजूनं बाहेर फेकतात. गादीवर, गोधडीवर, उशीवर ठेवला की पोटाखालची जाळी बंद. एवढं आता सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते टेबलावरच्या प्लॅस्टिकचं. एका आडत दुकानात मी तीनदा गेलो होतो, माझ्या दुकानात आणल्यावर लॅपटॉप ठणठणीत, तिथं ठेवला की बंद. तिसऱ्यांदा लक्ष गेलं. टेबलावर पातळ प्लॅस्टिकचा फुलाफुलांचा कपडा होता आणि फॅन जोरात सुरू झाला की तो कपडा वर ओढला जाऊन जाळीला चिकटत होता. लॅपटॉप उचलला की तो पुन्हा सपाट, मग दिसणार कसा?

उपाय: पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं मागच्या दोन कोपऱ्यांखाली ठेवा. खाली बोटभर हवा खेळली पाहिजे. मग ज्या कामात बंद पडत होता तेच काम अर्धा तास करून बघा. फरक पडला तर कूलिंग पॅडवर पैसे घालण्याआधी हे दोन झाकणांचं स्टँड महिनाभर वापरा. पॅडनं काही अंश उतरतात, पण आतली जाळी तुंबलेली असेल तर बाहेरून कितीही वारा घाला, तो आत पोचत नाही.

खोलीचंही बघा. बहुतेक कंपन्या लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीत वापरायला सांगतात, मॅकबुकच्या माहितीतही 10 ते 35 असंच लिहिलेलं आहे. आपल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला काय असतं ते सांगायला नको. जड काम सकाळी किंवा रात्री उरका. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. त्या हवेत ओल असते, कधी बारीक तुषारही असतात आणि धूळ ओली झाली की जाळीत चिखलासारखी बसते. एका कॉलेजच्या पोरानं लॅपटॉप दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला होता. बाहेर काढल्यावर आत दव जमलं आणि कीबोर्ड गेला. तसलं काही करू नका.

हात आणि कागदाची पट्टी

माझी सगळ्यात आवडती तपासणी ही. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा. लॅपटॉप वीस मिनिटं कामाला लावा, हवा बाहेर येते त्या फटीपुढे पट्टी धरा आणि दुसरा हात त्याच हवेत ठेवा. चारच शक्यता आहेत.

हवा गरम आणि जोराची, पट्टी फडफडतेय: कूलिंग ठीक आहे. काम जड आहे किंवा खोली तापलेली आहे. पुढे 'आत कोण राबवून घेतंय?' मधे सांगितलेली सॉफ्टवेअरची तपासणी करा.

हवा गरम पण मरगळलेली, पट्टी नुसती थरथरते, आणि फॅनचा आवाज मात्र मोठा: जाळीत धूळ. माझ्याकडे येणाऱ्यांत हेच सगळ्यात जास्त.

हवा जोराची पण कोमट, आणि आत प्रोसेसर तर 95 वर: उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. पेस्ट (प्रोसेसरची चिप आणि तांब्याच्या मधला उष्णता नेणारा लेप) वाळलीय, हीटसिंकचा (चिपवर बसणारा, उष्णता ओढून घेणारा तांब्याचा भाग) स्क्रू ढिला आहे किंवा तांब्याची नळी निकामी झाली आहे.

हवाच नाही: फॅन बंद. आवाज ऐकायला लॅपटॉपच्या पाठीला कान लावा. खरखर येत असेल तर बेअरिंग गेलंय, काहीच येत नसेल तर फॅनच गेलाय किंवा त्याचं कनेक्टर निघालंय.

तिसरी शक्यता लोकांना उलटी वाटते. "हवा तर गार येतेय, म्हणजे कूलिंग चांगलं आहे ना?" चुलीवर भात लागतोय आणि झाकण मात्र गार, तसलं ते. चुलीची आच भांड्यात जातेय पण बाहेर निघत नाहीये.

तापमान डोळ्यांनी बघा

विंडोजवर 'एचडब्ल्यूइन्फो' किंवा 'कोअर टेम्प' यातलं कुठलंही एक घ्या, फुकट आहेत. लिनक्सवर 'एलएम-सेन्सर्स' टाकून 'सेन्सर्स' ही कमांड चालवा. नुसता आकडा बघू नका, तो कसा चढतो ते बघा.

काहीही न करता 40 ते 55, जड कामात 75 ते 90, हे आपल्याकडच्या हवेत चालून जातं. पातळ गेमिंग लॅपटॉप तर 95 पर्यंत जाऊन तिथंच टिकून राहतात, तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. खरी खूण आहे चढण्याची चाल. काम सुरू केल्या केल्या चार-पाच सेकंदांत 50 वरून 95 वर उडी मारली तर दोष चिप आणि तांब्याच्या मधे आहे, म्हणजे पेस्टचा. चिपची उष्णता तांब्यात शिरतच नाही, त्यामुळे तिला तापायला वेळ लागत नाही. उलट आकडा दहा-पंधरा मिनिटं हळूहळू सरकत 95 वर गेला तर पेस्ट तिचं काम करतेय, पण तांब्यातली उष्णता बाहेर निघत नाही. म्हणजे हवेचा दोष: धूळ किंवा फॅन. कागदाच्या पट्टीचा निकाल आणि ही चाल जुळली की न उघडताच आतलं जवळपास कळतं.

आत कोण राबवून घेतंय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'सीपीयू' या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात खादाड प्रोग्रॅम वर आणा. काहीच उघडलेलं नसताना प्रोसेसर 5-10 टक्क्यांच्या वर बसून असेल तर कुणीतरी खातंय. नवीन विंडोज टाकल्यावर किंवा मोठ्या अपडेटनंतर तासभर तसं होतं, तेवढं सोडा. ब्राउझरच्या चाळीस टॅब हा नेहमीचा गुन्हेगार. दुसरा म्हणजे क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत आत आलेला मायनर, म्हणजे तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी नाणी खणणारा प्रोग्रॅम. यातले काही इतके बेरकी असतात की टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात आणि बंद केला की पुन्हा सुरू. लॅपटॉप नुसता पडून असताना फॅन ओरडतोय आणि टास्क मॅनेजर उघडताच आवाज उतरतोय, असं झालं तर पूर्ण स्कॅन लावा.

बॅगेत तापणारा लॅपटॉप हा वेगळा प्रकार. झाकण मिटलं की नवे बरेच लॅपटॉप पूर्ण झोपत नाहीत, आत जागे राहून अपडेट वगैरे करत बसतात. बॅगेत हवा नाही, त्यामुळे घरी पोचेपर्यंत भाजल्यासारखे तापलेले असतात. प्रवासाला निघताना शटडाउन किंवा हायबरनेट करा.

आणि एक युक्ती, जी मी निदानासाठीही वापरतो. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 टक्के असते, ती 99 करा. बहुतेक इंटेल लॅपटॉपमध्ये एवढ्यानं टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान बरंच खाली येतं. गेल्या लग्नसराईत एक व्हिडिओ मिक्सिंगवाला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीकडच्यांना पेनड्राइव्ह द्यायचा होता आणि रेंडर दर वेळी अर्ध्यातच जाऊन लॅपटॉप बंद. उघडून साफ करायला त्याला वेळ नव्हता. 99 केलं, मागे दोन झाकणं ठेवली, रात्री गच्चीवर बसवला. रेंडरला पाऊणपट जास्त वेळ लागला पण पूर्ण झालं. चार दिवसांनी तो साफसफाईला आला, हे विशेष. बाकीचे 99 वरच वर्ष काढतात. काही नव्या लॅपटॉपांत हे सेटिंग लपवलेलं असतं, दिसलं नाही तर 'बॅटरी सेव्हर' (नव्या विंडोजमध्ये 'एनर्जी सेव्हर') वापरून बघा.

बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) अपडेट केल्यानं फॅनचं वागणं सुधारतं कधीकधी. पण जो लॅपटॉप मधेच बंद पडतोय त्यावर बायोस अपडेट करू नका. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर बोर्ड पुन्हा उठेलच असं नाही. आधी साफसफाई, मग बायोस.

उघडायच्या आधी

वॉरंटी आहे का बघा. असेल तर इथंच थांबा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. तुमच्या हातून कनेक्टर तुटला तर फुकटातलं काम विकत पडेल.

लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि डोळ्यांच्या रेषेत कड बघा. पोट फुगलंय, टचपॅड वर उचललाय, झाकण मिटताना मधे फट राहते? असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, स्क्रूला हात लावू नका. फुगलेल्या लिथियम बॅटरीला पेचकसाचं टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. ती दाबून बसवायची नसते, टोचून हवा काढायची तर नसतेच. होय, हवा काढून आणलेली मी पाहिली आहे.

बाहेरून ब्लोअर मारण्याबद्दल. माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका मास्तरांच्या लॅपटॉपला मागच्या फटीतून पूर्ण दाबानं ब्लोअर मारला. फॅन सायरनसारखा फिरला, धूर निघावा तशी धूळ निघाली, मास्तर खूश. तिसऱ्या दिवशी परत आले, फॅनमधून खरखर. इतक्या वेगासाठी ते बेअरिंग बनलेलंच नसतं. शिवाय असा फिरलेला फॅन उलटी वीजही तयार करतो, ती बोर्डात जाते. नवा फॅन मी माझ्या खिशातून घातला. तेव्हापासून उदबत्तीची काडी जाळीतून घालून पातं अडवल्याशिवाय मी वारा मारत नाही. आणि एवढं करूनही बाहेरून मारलेल्या वाऱ्यानं मोकळी धूळच निघते. खरी अडचण वेगळीच आहे, ती पुढे.

उघडून साफ करणं

हे ज्यांचा हात बसलाय त्यांनी करावं. चांगला छोटा फिलिप्स पेचकस, जुनं एटीएम कार्ड आणि एक कोरा कागद लागतो. कागदावर लॅपटॉपची पाठ काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपनं चिकटवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वरून कीबोर्डला फोड येतो किंवा बोर्डाला छेद. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो, झाकण निघत नसेल तर ओढू नका, तो शोधा. कार्डानं कडेकडेनं खिट्ट्या सोडवा. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढायचं. नंतर बाकी सगळं.

फॅन सोडवा आणि तो जिथं तांब्याच्या पातळ पापुद्र्यांच्या जाळीला चिकटून असतो, तिथं बघा. फॅन आणि जाळीच्या बरोबर मधे धुळीची एक पट्टी बसलेली असते, नमद्यासारखी घट्ट. बाहेरून जाळी लखलखीत दिसते आणि आत ही गादी. ब्लोअरनं ती निघत नाही, आणखी घट्ट बसते, हीच ती वेगळी अडचण. चिमट्यानं एका कोपऱ्याला धरून ओढली तर अखंड निघते. जिनिंगच्या वजनकाट्यावरचा एक लॅपटॉप दर वर्षी माझ्याकडे येतो, त्यातून निघते ती शुद्ध रुई. पहिल्या वर्षी त्या गठ्ठ्यात देवाच्या दोन दिवसांच्या वाती झाल्या असत्या. पिठाच्या गिरणीवरच्या लॅपटॉपचं उलट: पीठ आणि पावसाळ्यातली ओल मिळून भिंतीचं प्लास्टर झालेलं असतं, ते जुन्या टूथब्रशनं खरवडून काढावं लागतं. घरच्या लॅपटॉपात केस, गादीचा कापूस आणि उदबत्तीचा चिकट धूर.

साफ केल्यावर लगेच पेस्ट बदलायची घाई करू नका. लॅपटॉप दोन-तीन वर्षांचाच असेल आणि आकडा हळू चढणारा असेल तर नुसती जाळी साफ करून बंद करा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. हीटसिंक उचलला की पेस्ट बदलणं आलंच, कारण तुटलेला थर पुन्हा तसाच बसत नाही.

पेस्ट

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात. सोडताना उलट्या क्रमानं, बसवताना सुलट क्रमानं, आणि एकदम नाही: प्रत्येकाला दोन-दोन फेऱ्या. एक बाजू आधी आवळली तर चिपचा कोपरा उडतो, वर लॅपटॉपच्या चिपला संरक्षक झाकण नसतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं पुसा. नवी पेस्ट पातळ पसरवा, चिप झाकली गेली पाहिजे, बाहेर ओघळता कामा नये. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा हा गैरसमज आहे. उष्णता तांब्यानं न्यायची असते, पेस्टनं फक्त दोन्हींमधल्या बारीक खाचा बुजवायच्या असतात. टूथपेस्ट तर नकोच, ती चार दिवसांत वाळून खडू होते.

मेमरीच्या चिपांवर मऊ रबरी पट्ट्या असतात. त्या फाटल्या तर तेवढ्याच जाडीच्या आणा. 1 मिलिमीटरच्या जागी दीडची लावली तर हीटसिंक वर उचलला जातो आणि प्रोसेसरला टेकतच नाही. अशी केस दुसऱ्या दुकानातून माझ्याकडे आली होती. पेस्ट महागातली, ताजी, तरी चार सेकंदांत 98.

हीटसिंक काढल्यावर पेस्टच्या जागी चांदीसारखं चमकणारं द्रव दिसलं तर तिथंच थांबा. काही महागड्या लॅपटॉपांत कारखान्यातूनच असा द्रव धातू लावलेला असतो. तो वीज वाहतो, बोर्डावर एक थेंब सांडला तर बोर्ड जाऊ शकतो.

इथून पुढे दुकानातच

फॅन बदलणं जमतं, पण अगदी त्याच मॉडेलचा मिळाला पाहिजे: पात्यांची दिशा, वायरींची संख्या, स्क्रूची भोकं, सगळं जुळावं लागतं. फॅनचं कनेक्टर वायर धरून ओढू नका, नखानं दोन्ही कडांना रेटत काढा. सॉकेट बोर्डावरून उपटलं तर ते पुन्हा टाकणं भिंगाखालचं काम आहे.

तांब्याच्या चपट्या नळीत थोडंसं पाणी असतं. गरम टोकाशी त्याची वाफ होते, गार टोकाशी पुन्हा पाणी, आणि असं ते उष्णता वाहून नेतं. नळी वाकली किंवा चिरली की ती नुसती तांब्याची पट्टी उरते. ओळखायची खूण: हीटसिंक सुटा काढून चिपकडचं टोक गरम पाण्याच्या कपात बुडवा, दुसरं टोक हातात धरा. चांगली नळी काही सेकंदांत चटका देते. टोक गारच राहिलं तर अख्खा हीटसिंक बदलायचा. परत बसवण्याआधी तो पूर्ण सुकवा.

साफसफाई, पेस्ट, चालता फॅन, सगळं होऊनही बंद पडत असेल तर आता बोर्डाचा दोष समजा: वीज पुरवणारा एखादा घटक तापतोय किंवा तापमान मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय. हे मोजायला मीटर आणि बोर्डाचा नकाशा लागतो. चहा-पाणी सांडलेला लॅपटॉप, जळका वास येणारा लॅपटॉप, झिजलेल्या डोक्याचे स्क्रू, हेही घरी करू नका. वास आला तर पुन्हा बटण दाबून बघण्याचा मोह तेवढा टाळा.

दुकानात दिल्यावर "फॉरमॅट मारून देतो, ठीक होईल" असं न उघडताच कुणी सांगितलं तर लॅपटॉप उचला आणि निघा. विंडोज नवी टाकल्यानं रुई निघत नाही. काम देताना तीन गोष्टी सांगा: कुठल्या कामात, किती मिनिटांनी आणि खोलीत किती गरमी असताना बंद पडतो. "कधी पण पडतो" या उत्तरावर मी अर्धा दिवस घालवतो, आणि तो तुमच्या बिलात येतो. काढलेला फॅन आणि धुळीची गादी दाखवायला सांगा. मी दाखवतोच, त्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. माझ्याकडे साफसफाई आणि पेस्ट मिळून 600 रुपये होतात, फॅन मॉडेलप्रमाणे वेगळा. बोर्डाचं काम मी मोजून बघितल्याशिवाय भाव सांगत नाही.

परत देताना जी चाचणी आधी घेतली होती तीच पुन्हा घेतो, तेवढाच वेळ, तेच काम. मग एका छोट्या स्टिकरवर तारीख, खोलीचं तापमान आणि अर्ध्या तासानंतरचा प्रोसेसरचा आकडा लिहून लॅपटॉपच्या पोटावर चिकटवतो. वजनकाट्यावाल्याच्या लॅपटॉपवर आता असे पाच स्टिकर एकाखाली एक आहेत. या वर्षी तो दसऱ्यालाच, कापूस यायच्या आधी, बॅग घेऊन आला होता.